लिव्हरच्या केमोचा पंप: भावाला बसवायचं म्हणतायत, आम्ही काय समजून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरच्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय 46, न्यू जर्सीत असतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, लिव्हरमध्ये चार गाठी. आधी चार महिने केमो झाली, गाठी आकसल्या. आता ऑपरेशन करून आतड्याचा भाग आणि लिव्हरमधल्या गाठी काढणार आहेत, आणि त्याच वेळी पोटाच्या कातडीखाली एक पंप बसवून लिव्हरला थेट केमो देणार आहेत. ताई विचारतात: सगळ्या गाठी काढणारच आहेत, तर पंप कशाला? तो आत बिघडला तर? दिवाळीला त्याला गावी येता येईल का? आम्ही इथून गुळवेलाचा काढा पाठवलाय, तो चालेल का? आणि आई रोज विचारते, पोटात मशीन चालू असताना त्याला झोप कशी लागणार?

ताई, मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली सतरा वर्षं अमेरिकेतल्या एका कॅन्सर रुग्णालयात काम करते. त्यातली बरीच वर्षं हेच पंप भरण्यात गेली. मी सर्जन नाही, त्यामुळे ऑपरेशनबद्दल शेवटचा शब्द तुमच्या भावाच्या डॉक्टरांचा. पण पंप बसल्यावर माणूस दर पंधरा दिवसांनी ज्या खोलीत येतो, त्या खोलीत मी असते. तिथं जे पाहिलं ते सांगते.

आधी एकच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे. पंपाची केमो किती दिली यापेक्षा ती कधी थांबवली, यावर रुग्णाचं भलं जास्त अवलंबून असतं. घरच्यांना हे पचायला सगळ्यात जड जातं.

आता पहिला प्रश्न, गाठी काढल्यावर पंप कशाला. शेतातली हरळी तुम्ही पाहिली असेल. वरून सगळी उपटली, रान स्वच्छ दिसतं, आणि पाऊस पडला की पुन्हा कुठून कुठून हिरवे कोंब. सर्जन डोळ्याला, हाताला आणि स्कॅनला जे दिसतं ते काढतात. स्कॅनला न दिसणारे पेशींचे पुंजके लिव्हरमध्ये राहिलेले असू शकतात. लिव्हरच्या गाठी काढलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हा रोग पुढे कुठेतरी परत येतो, आणि परत येण्याची एक नेहमीची जागा म्हणजे उरलेलं लिव्हर. कारणही सरळ आहे. आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं. आतड्यातून सुटलेल्या पेशींना वाटेत लागणारा पहिला थांबा तोच.

मग हाताच्या शिरेतून किंवा छातीतल्या पोर्टमधून (सुई लावण्यासाठी कातडीखाली बसवलेलं, शिरेला जोडलेलं छोटं तोंड) केमो देतात ती पुरत नाही का? ती द्यावीच लागते, पंप असला तरी. रोग फुप्फुसात किंवा इतरत्र गेला असेल, तर त्याला पंपाचं औषध पोचत नाही. पण लिव्हरपुरतं पाहिलं तर एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून आणि उरलेलं यकृताच्या धमनीतून. निरोगी लिव्हर मुख्यतः शिरेच्या रक्तावर जगतं. पसरलेल्या गाठी मात्र थोड्या मोठ्या झाल्या की धमनीचं रक्त ओढू लागतात. हे 1950 च्या दशकातच लक्षात आलं होतं. म्हणजे औषध धमनीत सोडलं तर ते गाठीच्या ताटात जास्त आणि निरोगी लिव्हरच्या ताटात कमी वाढलं जातं.

यासाठी वापरतात ते औषध फ्लॉक्सयुरिडीन, आमच्या बोलण्यात एफयूडीआर. ते लिव्हरमधून पहिल्यांदा जातानाच जवळपास सगळं, सुमारे 95 टक्के, तिथंच शोषलं आणि मोडलं जातं. बाकी शरीरात फारच थोडं पोचतं. म्हणून शिरेतून कधीच देता येणार नाही इतकी तीव्रता लिव्हरमध्ये मिळते, आणि या औषधाने केस जाणं, तोंड येणं, पांढऱ्या पेशी घसरणं असले त्रास सहसा होत नाहीत. (भावाला हे त्रास झाले तर ते बहुधा सोबतच्या शिरेतल्या केमोचे असतील. घरी "पंपाने केस गेले" अशी समजूत होऊ देऊ नका.)

पंप कसा असतो ते आईंना समजेल असं सांगते. बुटाच्या पॉलिशची डबी आठवते? साधारण तेवढीच टायटॅनियमची जाड चकती, पोटाच्या भिंतीत कातडीखाली, बहुतेक वेळा डाव्या बाजूला. आत दोन कप्पे. एका कप्प्यात औषध, दुसऱ्या बंद कप्प्यात असा द्रव की जो शरीराच्या उबेने वाफ होऊन फुगतो. ती वाफ औषधाचा कप्पा हळूहळू दाबते आणि औषध एका अतिशय बारीक नळीतून थेंब थेंब बाहेर पडतं. बॅटरी नाही, मोटर नाही, तार नाही. मिनेसोटा विद्यापीठात हेन्री बुकवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि 1980 च्या आसपास लिव्हरच्या केमोसाठी ती वापरात आली. आमच्या पिढीने ज्यावर हात बसवला तो पंप कंपनीने 2018 मध्ये बनवणं बंद केलं, तेव्हा आम्ही सगळेच हवालदिल झालो होतो. काही काळ बॅटरीवर चालणारा दुसरा पंप वापरून निभावलं. नंतर त्याच जुन्या बनावटीचा पंप इंटेरा या नावाने पुन्हा मिळू लागला. भावाला बहुधा तोच बसेल, पण नाव विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

भरायचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे तुमची भीती थोडी कमी होईल. रुग्ण पलंगावर उताणा झोपतो. मी बोटांनी चकतीची कडा चाचपते, मग मधोमध असलेला रबरी पडदा शोधते. कातडी स्वच्छ करते, खास सुई सरळ आत घालते. सुईला रिकामी सिरिंज जोडलेली असते आणि तिचा दट्ट्या मी ओढत नाही. ओढायचाच नसतो. पंपातला दाब स्वतःच उरलेलं औषध सिरिंजमध्ये वर ढकलतो. ते चढताना पाहणं हा माझ्या कामातला सगळ्यात एकाग्र क्षण. दोन आठवड्यांपूर्वी 30 मिलिलिटर भरले होते, या पंपाचा वेग दिवसाला साधारण 1.3 मिलिलिटर, म्हणजे 18 च्या आसपास गेले असणार आणि 12 च्या आसपास परत यायला हवेत. 12 आले की मी श्वास सोडते. 20 आले तर नळी तुंबत्येय का, अशी शंका. 5 आले तर पंप जास्त वेगाने वाहिला, म्हणजे ताप आला होता का, कुठे उंचावर गेला होतात का, असे प्रश्न. मग नवं औषध थोडं थोडं घालायचं, दर वेळी हात सैल सोडून ते परत वर येतंय ना हे पाहायचं. म्हणजे सुई पंपातच आहे, कातडीखाली औषध जात नाही, याची खात्री. सगळं मिळून वीस मिनिटं. दुखतं ते सुई टोचण्यापुरतं.

फेरी साधारण अशी: 14 दिवस एफयूडीआर, सोबत थोडं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं) आणि डेक्सामेथासोन (सूज कमी ठेवणारं). पंधराव्या दिवशी ते काढून पंपात हेपॅरिन घातलेलं सलाइन भरतात आणि त्या सुमाराला छातीतल्या पोर्टमधून नेहमीची केमो. आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा एफयूडीआर. लिव्हरमधल्या गाठी काढल्यानंतरच्या रुग्णाला अशा सहाएक फेऱ्या ठरवतात, म्हणजे सगळं सुरळीत गेलं तर सहा महिने. पंप कधीही कोरडा ठेवायचा नाही. कोरडा पडला की नळीत रक्त गोठतं आणि पंप कायमचा निकामी होतो.

ऑपरेशनबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगते, कारण "पंप बसवणं म्हणजे कातडीखाली डबी ठेवणं" असा एक गैरसमज असतो. खरं कसब नळीत आहे. यकृताकडे जाणाऱ्या धमनीला फुटणारी एक फांदी जठर आणि आद्यांत्राकडे, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीकडे, जाते. नळी त्या फांदीत घालून तिचं टोक मुख्य धमनीच्या तोंडाशी आणून ठेवतात, आत घुसू न देता. टोक आत घुसलं तर धमनी तुंबू शकते, आणि मागे राहिलं तर औषध नीट मिसळत नाही. जठराकडे आणि स्वादुपिंडाकडे जाणाऱ्या बारीक फांद्या बांधून टाकाव्या लागतात, नाहीतर तीव्र औषध तिकडे जाऊन जठराला व्रण करतं. पित्ताशय काढून टाकतात, कारण तेही याच धमनीवर पोसलेलं असतं आणि औषधाने सुजतं. शिवाय बऱ्याच माणसांत यकृताच्या धमन्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे नसतातच. कुणाची उजवी धमनी भलत्याच ठिकाणाहून निघते, कुणाची डावी जठराच्या धमनीतून. म्हणून ऑपरेशनआधी धमन्यांचा सीटी स्कॅन काढतात.

ऑपरेशननंतर, पहिला थेंब केमो देण्याआधी, एक तपासणी होते. किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम नळीतून सोडून ते कुठे कुठे पोचलं याचं चित्र काढतात. संपूर्ण लिव्हर उजळलं पाहिजे आणि जठर-आतडं काळं राहिलं पाहिजे. या चित्रात गडबड दिसली तर अनेकदा अँजिओग्राफी करून ती चुकार फांदी बंद करता येते आणि पंप वापरात येतो. भावाला सांगा, हे चित्र डॉक्टरांकडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घे.

फायदा किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. या उपचाराचं नाव न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाशी आणि डॉ. नॅन्सी केमेनी यांच्याशी जोडलेलं आहे. 1999 च्या अखेरीस त्यांनी 156 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या लिव्हरमधल्या गाठी काढलेल्या. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले: एकाला नुसती शिरेतली केमो, दुसऱ्याला ती आणि पंप. दोन वर्षांनी पंपाच्या गटातले 86 टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले 72 टक्के. लिव्हरमध्ये रोग न परतलेले 90 टक्के विरुद्ध 60 टक्के. दहा वर्षांनंतर जिवंत होते 41 टक्के विरुद्ध 27 टक्के. इतक्या लांबवर मात्र हा जगण्यातला फरक संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर निःसंशय ठरला नाही. रोग परत न येण्याच्या काळातला फरक टिकला.

दोन गोष्टी यात मिसळून सांगायलाच हव्यात. एक, तेव्हाची शिरेतली केमो आजच्यापेक्षा कमकुवत होती. आजच्या केमोसमोर पंप किती भर घालतो, याचा पुरावा बराचसा जुन्या नोंदी चाळून काढलेला आहे. त्याच रुग्णालयाने 2017 मध्ये 2368 रुग्णांच्या नोंदी मांडल्या, त्यात पंपवाल्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 67 महिने आणि बाकीच्यांचं 44 महिने निघालं. फरक मोठा आहे, पण पंपासाठी कुणाला निवडलं याचाही त्यात वाटा असू शकतो. दोन, धमनीतून केमो म्हणजे आपोआप फायदा असं नाही. जर्मनीत 1998 मध्ये 226 रुग्णांवर धमनीतून दुसरंच औषध, साधं फाइव्ह-एफयू, देऊन पाहिलं, त्यात काही फायदा दिसला नाही. औषध कोणतं, यंत्रणा कोणती, देणारे हात कोणाचे, यावर सगळं आहे. माझं मत विचाराल तर, रोग फक्त लिव्हरपुरता, गाठी चार, वय 46, आणि टीम अनुभवी असेल, तर पंपाचा विचार मला योग्य वाटतो. फुप्फुसात किंवा पोटाच्या अस्तरावर रोग असता तर मी असं म्हटलं नसतं.

आता मूळ मुद्दा, थांबवण्याचा.

लिव्हरच्या पेशींना दोन वाटांनी रक्त मिळतं, पण लिव्हरमधल्या पित्तनलिकांना ते मिळतं फक्त धमनीतून. म्हणजे गाठींच्या ताटात वाढलेलं औषध पित्तनलिकांच्याही ताटात पडतं. त्या सुजल्या, आणि सूज न ओळखता औषध चालू राहिलं, तर त्या आक्रसतात. सूज उतरते, आक्रसलेली नलिका सहसा पूर्ववत होत नाही. मग कावीळ, ताप, दुर्बिणीतून स्टेंट, पुन्हा स्टेंट. कॅन्सर आटोक्यात आणि माणूस स्टेंटच्या फेऱ्यांत अडकलेला, असे रुग्ण मी पाहिले आहेत. हे फार वेळा होत नाही, पण ज्याच्या बाबतीत होतं त्याचं आयुष्य त्याभोवती फिरायला लागतं. पंपात डेक्सामेथासोन घालतात ते ही सूज कमी ठेवण्यासाठीच. (भावाला मधुमेह असेल तर साखर वाढू शकते, आधीच सांगा.) रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं बेव्हासिझुमॅब नावाचं औषध पंपाबरोबर देऊ नये, पित्तनलिकांचा धोका वाढतो. त्याला आधीच्या चार महिन्यांत ते मिळालं असेल तर शेवटचा डोस कधी झाला, ते नोंदवून ठेवा.

सूज सगळ्यात आधी कळते ती रक्तात. म्हणून दर दोन आठवड्यांनी लिव्हरच्या तपासण्या. मी सगळ्यात आधी अल्कलाइन फॉस्फेटेज पाहते, मग बिलिरुबिन, मग एएसटी. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, आम्ही हे आकडे लॅबच्या छापील मर्यादेशी ताडत नाही, रुग्णाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी ताडतो. समजा अल्कलाइन फॉस्फेटेज आधी 80 होतं आणि आज 125 आलं. रिपोर्टवर लाल खूण नाही, लॅब म्हणते नॉर्मल. पण आमच्या लेखी ते दीडपटीच्या वर गेलं. त्या दिवशी पंपात एफयूडीआर जात नाही, सलाइन जातं. 1.2 पट झालं असतं तरी डोस निम्म्यावर आला असता.

एक मराठी जोडपं आठवतं. दोघेही आकड्यांत मुरलेले, प्रत्येक रिपोर्ट तक्त्यात भरून ठेवायचे. तिसऱ्या फेरीच्या दिवशी यजमानांचा आकडा चढला आणि मी सलाइनची सिरिंज उचलली. बाई उभ्या राहिल्या. "अहो, सगळं नॉर्मल लिहिलंय की! एक डोस चुकला तर तेवढ्यात कॅन्सर वाढेल." त्यांचा आवाज कापत होता. मी सिरिंज खाली ठेवली, खुर्ची ओढली, त्यांच्याच तक्त्यातले आधीचे आकडे एकाखाली एक काढून दाखवले. 78, 84, 131. त्या बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे पाहत राहिल्या. पुढचे दोन पंधरवडे सलाइनच गेलं, आकडा उतरला, मग निम्म्या डोसवर पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या सहा फेऱ्या पूर्ण झाल्याच नाहीत, चारच झाल्या. लिव्हर शाबूत राहिलं. पुढे फुप्फुसात एक छोटी गाठ दिसली तेव्हा त्यांना शिरेतली पूर्ण केमो देता आली, ती लिव्हर धड होतं म्हणूनच.

तर भाऊ फोनवर म्हणाला, "आज नुसतं सलाइन घातलं," तर घरात सुतकी चेहरे करू नका. कुणीतरी नीट लक्ष देतंय, एवढाच त्याचा अर्थ.

बिघडला तर, हा तुमचा दुसरा प्रश्न. बिघाड होतात, लपवत नाही. नळी तुंबणं, जागेवरून सरकणं, पंप ठेवलेल्या कातडीखालच्या खिशात पाणी साचणं किंवा जंतुसंसर्ग होणं. न्यूयॉर्कच्या त्याच रुग्णालयाने 544 पंपांच्या नोंदी 2005 मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यात साधारण पाचातल्या एकाला कधी ना कधी काहीतरी अडचण आली. सुरुवातीच्या अडचणी बऱ्याचदा दुरुस्त होतात, उशिरा आलेल्या कमी. आणि ज्यांनी जास्त पंप बसवलेत त्यांच्या हातून अडचणी कमी होतात, हेही त्याच नोंदींत दिसलं. म्हणून भावाने सर्जनला सरळ विचारावं: तुम्ही किती बसवलेत, वर्षाला किती बसवता, आणि पंप भरणाऱ्या किती प्रशिक्षित नर्स आहेत? एकच असेल तर ती सुट्टीवर गेल्यावर काय? हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. चांगला सर्जन आकडा लगेच सांगतो.

पण बिघाडापेक्षा मला भीती वाटते चुकीच्या सुईची. पंपात औषधाला दोन वाटा असतात. एक औषधाच्या कप्प्याची, जिथून ते थेंबथेंब सुटतं. दुसरी अशी, की जिच्यातून घातलेलं सगळं थेट धमनीत जातं. ही दुसरी वाट तपासणीसाठी लागते आणि तिला सुईही वेगळी लागते. दोन आठवड्यांचं औषध चुकून त्या वाटेने एकदम गेलं तर जिवावर बेतू शकतं. एकदा आमचा एक रुग्ण सहलीला गेला असताना ताप आला म्हणून दुसऱ्याच गावातल्या एका आपत्कालीन विभागात गेला. तिथल्या लोकांनी पोटातली चकती पाहून तो नेहमीचा पोर्ट समजला आणि तिथून रक्त काढायला सुई तयार केली. त्याच्या बायकोने हात आडवा धरला, पाकिटातलं पंपाचं कार्ड पुढे केलं आणि आमचा नंबर लावून दिला. त्या वेळी फोन मी उचलला होता. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. भावाचं आणि वहिनींचं, दोघांच्याही पाकिटात ते कार्ड हवं. आणि वहिनींना एक वाक्य पाठ हवं: या पंपाला प्रशिक्षित माणसाशिवाय कुणीही सुई लावायची नाही.

घरी सांभाळायचं ते असं. पंप वाफेच्या दाबावर चालतो, म्हणून उष्णता वाढली की वेग वाढतो. ताप 38 सेल्सियसच्या वर गेला की लगेच फोन, "उद्या बघू" नाही. पंपावर गरम पाण्याची पिशवी नाही, सॉना नाही, गरम पाण्याच्या टबमध्ये तास तास बसणं नाही. साधी गरम पाण्याची अंघोळ चालते. पोटाच्या वरच्या भागात नवं, टिकून राहणारं दुखणं आलं तर जेवणाला दोष देऊन गप्प बसायचं नाही. औषध जठराकडे जात असेल आणि व्रण होत असेल, अशी शंका आम्ही आधी घेतो आणि पंप रिकामा करून तपासणी करतो. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, हेही त्याच दिवशी कळवायचं. खाण्याचं वेगळं पथ्य पंपाला नाही. भाकरी, पिठलं, मासे, तांबडा रस्सा, जे पचेल ते खाऊ द्या.

गुळवेल मात्र नाही, ताई. तुम्ही मायेने पाठवलात हे कळतं. पण 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी, करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तो वाद मी इथे सोडवत बसत नाही. माझी अडचण वेगळी आहे. काढा चालू असताना भावाचा आकडा चढला तर ते पंपामुळे की काढ्यामुळे, हे मला कसं कळणार? मी डोस थांबवणार, आणि तो कदाचित विनाकारण थांबलेला असेल. हळद भाजीत घाला हवी तेवढी, हळदीच्या अर्काच्या गोळ्या नकोत. काढे, चूर्णं, "लिव्हर टॉनिक", सगळं पंप चालू असेपर्यंत कपाटात. तो आधीच घेत असेल तर लपवू नका, नर्सला नावासकट सांगा. आम्ही रागावत नाही.

दिवाळीचं. एफयूडीआर पंपात असताना भारतात येणं मी कुणालाच सुचवत नाही. पंधराव्या दिवशी ते काढायलाच लागतं, आणि ते काढणारी प्रशिक्षित नर्स कोल्हापुरात मिळेल, या भरवशावर निघता येत नाही. शिवाय विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब कमी असतो, इतक्या लांबच्या प्रवासात पंप थोडा वेगाने वाहतो. उंच डोंगरावर मुक्काम केला तरी तेच. पण वाट बंद नाही. ठरलेल्या फेऱ्या संपल्या, किंवा डॉक्टरांनी मधे मोठा खंड ठरवला, की पंपात ग्लिसरॉल भरता येतं. ते घट्ट असल्याने फार सावकाश वाहतं आणि सहा-आठ आठवडे पंप भरलेला राहतो. माझे रुग्ण असे ग्लिसरॉल भरून लग्नांना, बारशांना जाऊन आले आहेत. प्रवासाची तारीख नर्सला तिकीट काढायच्या आधी सांगायची, परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्यायचं, सोबत रुग्णालयाचं पत्र आणि कार्ड ठेवायचं. विमानतळावरच्या तपासणीत चकती वाजू शकते, पत्र दाखवलं की सोडतात. ऑपरेशन जर आत्ता ऑगस्टमध्ये असेल तर ही दिवाळी धरू नका. पुढच्या उन्हाळ्यात आंब्याला या म्हणावं.

फेऱ्या संपल्यावर पंप लगेच काढतातच असं नाही. स्कॅन स्वच्छ येत आहेत याची काही काळ वाट पाहतात, तोवर दर काही आठवड्यांनी ग्लिसरॉल. नंतर छोट्या ऑपरेशनने काढतात.

आणि आईंचा प्रश्न. त्यांना सांगा, पंपाला आवाज नाही. टिकटिक नाही, थरथर नाही, घड्याळाएवढीही नाही. पहिले दोन-तीन आठवडे टाक्यांमुळे कुशीवर वळताना ओढल्यासारखं होतं, पालथं झोपता येत नाही. पँटचा पट्टा चकतीच्या कडेवर घासतो, म्हणून बरेच पुरुष नाडीची विजार घालतात. दीड-दोन महिन्यांत शरीर त्या डबीला आपली मानतं. माझा एक रुग्ण चौथ्या फेरीला पलंगावर आडवा झाला आणि मी कातडी पुसून सुई उघडेपर्यंत घोरायला लागला होता. त्याच्या बायकोने खुणेने विचारलं, उठवू का? मी म्हटलं, झोपू दे.